अफ्लाटॉक्सिन ‘मोजणारी’ निळ्या उजेडाची पेटी: पैसे मोजण्याआधी वाचा

काळी पेटी, आत 365 नॅनोमीटरचे अतिनील दिवे, वर कॅमेरा आणि स्क्रीनवर अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीने बनवलेल्या विषाचा, थेट पीपीबीमध्ये (किलोमागे मायक्रोग्रॅम) आकडा. विक्रेता मूठभर शेंगदाणे टाकतो, दोन-चार हिरवट-पिवळे चमकतात, आकडा उसळतो आणि समोरचा ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. गोम अशी की चमक खरी असते, खोटा असतो तो आकडा.

ती हिरवट-पिवळी चमक अफ्लाटॉक्सिनची नसतेच. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी कोजिक आम्ल सोडते, त्यावर पेरॉक्सिडेज या विकराची क्रिया झाली की तो रंग दिसतो. म्हणजे फार तर बुरशीचा संशय घेता येतो. बुरशीच्या काही जाती विष बनवतच नाहीत. उलट, विष दोन डाळिंब्यांच्या मधे असेल तर सालीवरून काहीच कळत नाही. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणारी संस्था) मर्यादा प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला किलोमागे 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे टनात 15 मिलिग्रॅम. एवढं बारीक प्रमाण वरून फोटो काढून कळायचं नाही.

प्रात्यक्षिकाला दाणे नेहमी विक्रेत्याचेच असतात, हे लक्षात ठेवा. कपडे धुण्याच्या पावडरीचा कणही या उजेडात निळसर-पांढरा झगमगतो. त्यामुळे नमुने आपले न्या: एकाच लॉटचे दाणे दळून, नीट मिसळून भाग करा, एक प्रयोगशाळेत द्या, बाकीचे नुसते क्रमांक घालून पेटीत, तेही दोनदा, क्रम बदलून. आकडे जुळत नाहीत हे तिथेच उघड होतं. ‘दळलेलं चालत नाही’ असं उत्तर आलं तर मग पीपीबी कशाचे, ते विचारा.

कारण खरी मोजणी दळण्यापासूनच सुरू होते. विष लॉटभर सारखं पसरलेलं नसतं. मोजके दाणे अख्खा लॉट बिघडवतात. म्हणून कोडेक्सच्या पद्धतीत लॉटच्या अनेक जागांहून मिळून 20 किलोचा नमुना काढतात, बारीक दळतात, त्यातला छोटा भाग द्रावकात घुसळून, गाळून मग तपासतात. मूठभर दाण्यांवरचा निकाल, यंत्र कितीही भारी असलं तरी, त्या मुठीपुरताच.

पेटीसोबत ‘फुकट’ मिळणारं ओलावा मीटरही तपासून घ्या. विद्युतधारितेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणाऱ्या मीटरला शेंग आणि दाणा यांची वेगळी सेटिंग लागते. सेटिंग चुकली की आकडा भलताच येतो. पडताळा घ्यायचा तर तोच नमुना 103 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि वजनातली घट मीटरशी ताडून पाहा.