जुळे सोलापुरातलं घर: आर्किटेक्टच्या कामाबद्दल

आर्किटेक्ट तरुण, कामाला चोख. पण त्यांची आवड एक आणि आमची दुसरी. पहिल्या नकाशात हॉलची पश्चिमेची भिंत खालपासून छतापर्यंत काचेची होती. चित्रात देखणी दिसायची, पण सोलापूरचा मे महिना! पारा ४२-४३ वर जातो आणि दुपारनंतरचं ऊन त्याच बाजूने आत घुसतं. एसीचं बिल भरता भरता नाकी नऊ आले असते. सासूबाईंनी साफ सांगितलं, "काच नको, मला ओसरी पाहिजे."

बरीच ओढाताण झाली. शेवटी ते स्वतः भर दुपारी प्लॉटवर येऊन उभे राहिले आणि नकाशा बदलला. याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आता पश्चिमेला जाड भिंत, वरच्या अंगाला जाळ्या, पुढे खोल ओसरी. खाली पॉलिश केलेली शहाबादी फरशी; उन्हाळ्यातही अनवाणी पायाला गार लागते. नळाला रोज पाणी येत नाही हे ध्यानात घेऊन जमिनीखालची टाकी त्यांनी आधीच मोठी धरली होती.

ओपन किचनचा हट्ट मात्र सोडला नाही. शेंगाचटणीसाठी दाणे भाजून तिखट-लसूण घालून कुटायला घेतलं, की हॉलभर ठसका. चिमणी पुरत नाही. सरकतं दार आम्ही नंतर पदरचे पैसे घालून बसवलं.

फी थोडी जास्त आहे, पण साइटवर स्वतः येतात. काम द्यायचं तर जरूर द्या, स्वयंपाकघराचं तेवढं पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.