पावसाळ्यात गप्प, दिवाळीत कुरकुर: जुन्या गाडीच्या बुशांचा आठ महिन्यांचा अनुभव

आमची गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक. मीटरवर १ लाख ४२ हजार. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने रोजची जा-ये. जून ते सप्टेंबर ही इतकी गप्प चालते की कालच शोरूममधून काढल्यासारखी वाटते. पाऊस ओसरून धूळ उडायला लागली, की पहिल्या गतिरोधकावर सुरू. झोपाळ्याच्या कडीला तेल नसलं की जसा आवाज येतो, अगदी तसा. २०२४ च्या दिवाळीत पाहुण्यांना सोडायला गेलो तर मागे बसलेली आत्या म्हणाली, "अरे, मांजर अडकलंय का कुठं बघ."

हा ऋतूंचा खेळ म्हणजेच निदान होतं, हे मला फार उशिरा कळलं. बुश म्हणजे चाकांच्या जोडण्यांमधे बसवलेले रबराचे तुकडे. ते रबर आणि लोखंड यांच्या मधे पाणी गेलं की घर्षण घटतं आणि आवाज बंद होतो. मी मात्र आधी खिसा मोकळा केला. गॅरेजात पुढचा कोपरा दोनदा दाबून "शॉकअप गेले" असं सांगितलं आणि मी पुढची जोडी बदलली. मजुरी धरून पाच हजारांच्या वर गेले. गाडी घाटात नीट बसायला लागली हे खरं, पण आवाज होता तिथंच.

मग शेजारच्या टेम्पोवाल्या काकांचा सल्ला: "जळकं ऑइल मार, आम्ही पाट्यांना तेच मारतो." पाट्यांची, म्हणजे टेम्पोच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगची, गोष्ट वेगळी, तिथं लोखंडावर लोखंड घासतं. बुश रबराचा. खनिज तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. हे ठाऊक असूनही डिसेंबरात मी गंज सोडवायचा स्प्रे सगळीकडे मारलाच, कारण तो घरात होता. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी त्या तेलकट जागेवर धूळ चिकटली आणि आवाजाला नवी धार आली.

जानेवारीत एका रविवारी शेवटी डोकं चालवलं. झाडांवर फवारायची पाण्याची बाटली घेतली. मुलाला बोनेटचा कोपरा दाबून गाडी हलवायला लावली आणि एकेका बुशावर पाणी मारत गेलो. इथं एक बारकावा: सुरुवात खालून करायची. वरून मारलं तर पाणी ओघळून खालचेही बुश भिजतात आणि कोण गप्प झालं ते कळत नाही. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश भिजवले, फरक नाही. मग स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी फार कलू न देणारा आडवा दांडा. त्याच्या डावीकडच्या डी-बुशवर पाणी पडलं आणि आवाज मधेच तुटला. बारवर हात ठेवला तर तिथली थरथरही जाणवत होती. (पाण्याने कुठंच फरक पडला नाही, तर बॉल जॉइंटवर, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यातल्या गोल सांध्यावर, संशय घ्या. त्याच्या आत पाणी जात नाही, आणि कोरडा पडलेला बॉल जॉइंटही असाच कुरकुरतो. तिथं मात्र टाळाटाळ नको, तो निखळला तर चाक आडवं होतं.)

डी-बुश म्हणजे बारला कवेत घेणारा रबराचा तुकडा, वर पत्र्याची पट्टी, दोन बोल्ट. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. मी गॅरेजमधून लोखंडी घोड्या मागून आणल्या आणि मागच्या चाकांना दगड लावले. पट्टी काढली तर बुशाच्या आत बारीक लाल माती घट्ट बसलेली आणि बारवर गंजाचं कडं. पॉलिश पेपरने बार गुळगुळीत केला, रबर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलं आणि आतून सिलिकॉन ग्रीस लावलं. ग्रीसची ट्यूब ३४० रुपयांची, अजून अर्धी शिल्लक आहे. सिलिकॉनच का, तर ते रबराला खात नाही आणि पाण्याने चटकन धुऊन जात नाही.

ग्रीसचा खरा हिशोब सांगायचा तर साधारण दोन महिने. मार्चच्या मध्यात सकाळच्या गारव्यात बारीक चुंईक परत आलं. झिजलेलं भोक ग्रीसने भरत नाही. आणि एव्हाना ब्रेक मारताना डाव्या बाजूला 'खट्' असा दुसराच आवाज यायला लागला होता. तो लोअर आर्मच्या मागच्या बुशाचा निघाला; रबर कडेने फाटलं होतं. गंमत म्हणजे तो बुश १४ महिन्यांपूर्वीच नवा टाकलेला.

इथं थोडं थांबतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोअर आर्मचा बुश डी-बुशसारखा घासत नाही. त्याचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म वर-खाली झाला की ते पिळतं आणि सोडलं की परत येतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या जागी पकडलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायमच पिळलेलं राहतं, वर खड्ड्यांचा पीळ वेगळा. मागच्या वेळी माझ्यासमोर लिफ्टवरच आवळलं होतं.

या वेळी गॅरेज बदललं. जुने बुश प्रेसवर काढून नवे बसवले आणि मी म्हटलं, "दादा, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर करू." ते म्हणाले, "खाली हात जाणार नाही हो." मग चारही चाकं दोन-दोन फळ्यांवर चढवली आणि जागा झाली. चहा माझ्याकडून. दोन्ही डी-बुश आणि दोन्हीकडचे लोअर आर्म बुश कंपनीचे ओरिजिनल, अलाइनमेंट आणि मजुरी मिळून २,६५० रुपये. दुकानदार पॉलियुरेथेनचे बुश दाखवत होता, जास्त टिकतात म्हणून. ते कडक असतात, खडबडीत रस्ता थेट हातात येतो, आणि ग्रीस सुकलं की तेच कुरकुरतात. मी नको म्हटलं.

त्याला आता आठ महिने आणि सुमारे ७ हजार किलोमीटर झाले. पावसाळ्यातली शांतता मी जमेत धरत नाही, तेव्हा तर झिजलेला बुशही गप्प असतो. खरी परीक्षा ऑक्टोबर हीटची. ती झाली, नंतर उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळही खाऊन झाली, खालून अजून आवाज नाही. श्रेय ओरिजिनल मालाला की जमिनीवर आवळण्याला, हे मला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकदमच केलं.

एक आवाज उरलाय. गाडी उभी असताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की वरून 'कर्र' होतं. बॉनेट उघडून डाव्या शॉकअपच्या टोकावर हात ठेवला तर तिथं जाणवतं, म्हणजे माउंटिंगचं बेअरिंग असावं. शॉकअप बदलले तेव्हा सगळं उघडलेलंच होतं, तेव्हाच ते टाकलं असतं तर मजुरी वाचली असती. आता पुढच्या पगारावर.