रात्रीच्या खेळासाठी कीबोर्ड: निळा, लाल की चुंबकीय?

तीन हजारांच्या आतबाहेर मिळणारा निळ्या स्विचचा (स्विच म्हणजे कळेखालचा, दाब नोंदवणारा भाग) पूर्ण आकाराचा कीबोर्ड, चार ते सहा हजारांतला लाल स्विचचा हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच हाताने बदलता येणारा, कीबोर्ड आणि साधारण त्याच किमतीपासून आता मिळू लागलेला चुंबकीय स्विचचा कीबोर्ड, या तीन पर्यायांपाशी बहुतेकांची निवड अडते. तिन्ही तारेचे असतात, तिन्हींच्या कळांखाली दिवे असतात आणि तिन्हींच्या खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द सारख्याच ठळकपणे छापलेला असतो. पुढील तुलना लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत, वसतिगृहाच्या किंवा घरातल्या सामायिक खोलीत, मुख्यतः रात्री व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 किंवा जीटीए 5 खेळणाऱ्या व्यक्तीला समोर ठेवून केलेली आहे. स्वतंत्र खोली आणि सढळ पैसा असणाऱ्याचे निकष वेगळे असू शकतात. मात्र आपल्याकडे तसे खेळाडू थोडेच.

मूळ तुलनेआधी एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. हजार-बाराशे रुपयांत ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी मेकॅनिकल’ म्हणून विकला जाणारा दिव्यांचा कीबोर्ड हा आतून रबरी पडद्याचाच असतो. दिसायला तो हुबेहूब तसाच असल्याने फसगत होते. एक कळ उपसून पाहिली की खरे काय ते कळते: खाली स्वतंत्र चौकोनी स्विच आणि त्याच्या मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा दिसला तर तो मेकॅनिकल, प्लास्टिकची पोकळ नळी आणि तिच्याखाली रबर दिसले तर नाही. रबरी पडद्याचा कीबोर्ड वाईटच असतो असे नाही. चहा सांडला तर तोच जास्त तग धरतो. पण स्वस्तातल्या अशा कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदली जात नाही, आणि शिफ्ट दाबून तिरके पळता पळता उडी मारताना नेमके तेच घडते. म्हणून निवडलेल्या कीबोर्डच्या माहितीत ‘एन-की रोलओव्हर’ (कितीही कळा एकदम दाबल्या तरी प्रत्येकीची नोंद होणे) लिहिलेले आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

निळा आणि लाल हे रंग दिव्यांचे नसून स्विचमधील दांड्याचे आहेत. चेरी या कंपनीने 1980च्या दशकात आणलेल्या एमएक्स रचनेतून ही रंगांची ओळख रूढ झाली, आणि त्या रचनेचे पेटंट संपल्यानंतर गेटरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी उत्पादकांनी तीच मापे उचलली. आज स्वस्त कीबोर्डमध्ये प्रामुख्याने यांचेच स्विच असतात. चेरीच्या मूळ मापांनुसार लाल स्विचची कळ 2 मिलिमीटर खाली गेल्यावर नोंदली जाते आणि तिला साधारण 45 ग्रॅम भार लागतो. निळ्यासाठी हेच आकडे 2.2 मिलिमीटर आणि 60 ग्रॅमच्या जवळपास आहेत. दोन्हींचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटरचा असतो. आकड्यांतला हा फरक किरकोळ वाटतो, परंतु निळ्या स्विचची खरी अडचण कळ वर येताना जाणवते. त्याच्या दांड्यावर एक सुटा सरकता तुकडा असतो आणि तो ‘खट्’ असा आवाज करतो. त्या तुकड्यामुळे कळ ज्या खोलीवर नोंदली गेली, त्याहून बरीच वर आल्याशिवाय ती सुटली असे मानले जात नाही. एकच कळ पाठोपाठ दोनदा मारायची असेल, किंवा डावीकडे सरकता सरकता थांबून गोळी झाडायची असेल, तर हे अंतर बोटांना जाणवते. लाल स्विचमध्ये नोंद होण्याची आणि सुटण्याची जागा जवळजवळ एकच असते. तपकिरी स्विच या दोहोंच्या मधला, टंकलेखनाला बरा आणि खेळाला चालून जाणारा असा आहे. त्याच्यावर याहून अधिक खल करण्याचे कारण नाही.

आवाजाच्या मुद्द्यावर मात्र थांबले पाहिजे, कारण आपल्या घरांत बऱ्याचदा तोच निर्णायक ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत कूलर रात्रभर घरघरत असतो आणि त्यात निळ्या स्विचची खटखट विरून जाते. तेवढ्यावरून घेतलेला निर्णय दिवाळीनंतर, कूलर माळ्यावर गेला की, अंगाशी येतो. शेजारच्या पलंगावर नीटची तयारी करणारा रूम पार्टनर झोपलेला असताना, किंवा पलीकडच्या खोलीत वडील पहाटे शेतावर जाण्यासाठी लवकर पडलेले असताना, निळा स्विच वापरणे जवळपास अशक्य आहे. लाल स्विच निःशब्द असतो हाही एक गैरसमज आहे. त्यातून खटका ऐकू येत नाही, पण कळ तळाला आपटल्याचा आवाज येतोच, आणि खेळाच्या भरात आपण सगळेच कळा आपटतो. ज्यांना खरोखर शांतता हवी त्यांनी दांड्याला रबरी गादी लावलेले ‘सायलेंट’ प्रकारचे लाल स्विच पाहावेत. स्पेसबार हा वेगळाच विषय आहे: त्याखालच्या स्टेबिलायझरच्या, म्हणजे लांब कळ सरळ खाली नेणाऱ्या आधाराच्या, तारेला वंगण नसेल तर महागडा स्विच असूनही खुळखुळा वाजल्यासारखा आवाज येतो.

आता दिव्यांकडे वळू. जाहिरातीत 1 कोटी 68 लाख रंगांचा गाजावाजा असतो. प्रत्यक्षात, खोलीतला दिवा मालवून खेळणाऱ्याला अंधारात योग्य कळ दिसली म्हणजे दिव्याचे काम झाले. यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे कळेच्या टोपीतून प्रकाश बाहेर येतो का. ‘डबल-शॉट’ पद्धतीत अक्षर हे वेगळ्या, पारभासक प्लास्टिकचे, टोपीत आरपार ओतलेले असते. ते कधीच पुसले जात नाही आणि स्वच्छ उजळते. स्वस्त कीबोर्डमध्ये पारभासक टोपीला वरून काळा रंग देऊन त्यात लेझरने अक्षर कोरतात. घामट बोटांनी वर्ष-सहा महिन्यांत डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवरचा रंग झिजतो, अक्षराच्या कडा फाकतात आणि ए ऐवजी प्रकाशाचा एक वेडावाकडा ठिपका उरतो. याउलट डाय-सब छपाईच्या (शाई प्लास्टिकमध्ये मुरवलेल्या) पीबीटी या कणखर प्लास्टिकच्या टोप्या अतिशय टिकाऊ असतात, पण त्यांतून प्रकाश अजिबात येत नाही. दिवे लागतात ते फक्त कळांच्या फटींतून. ‘पीबीटी’ हा शब्द वाचून बॅकलाइटचा कीबोर्ड घेणारे अनेकदा इथेच चकतात. पीबीटी आणि डबल-शॉट हे दोन्ही असेल, तर उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे दिव्याची जागा. स्विचमधला दिवा पडद्याच्या बाजूला असेल तर टोपीच्या वरच्या अर्ध्यातली अक्षरे नीट उजळतात. म्हणूनच अशा टोप्यांवर 2 आणि @ ही चिन्हे एकाखाली एक न छापता वरच शेजारी शेजारी बसवलेली दिसतात. दिवा खेळणाऱ्याच्या बाजूला असेल तर पारभासक अक्षरेसुद्धा मंद दिसतात, आणि हौशी लोकांच्या पसंतीचे अनेक महाग कीबोर्ड याच प्रकारचे असतात. तिसरी गोष्ट, रंग आणि तीव्रता बदलता येते का. अगदी स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक ओळीला एक कायमचा रंग असतो आणि सगळे दिवे एकाच रंगाचे करता येत नाहीत. रात्री डोळ्यांना मंद तांबडा किंवा पिवळसर प्रकाश सोसतो. निळसर पांढरा झगमगाट शेजारच्याच्या डोळ्यांवरही येतो. विजेच्या बाबतीत सांगायचे तर यूएसबी 2.0 जोडणीतून जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. डेस्कटॉपला ते जाणवत नाही. पण भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर असताना दिवे मंद केलेले बरे.

चुंबकीय स्विचचा प्रकार मुळातच निराळा आहे. त्यात धातूचे दोन पत्रे एकमेकांना टेकून नोंद होत नाही; दांड्यात लहानसा चुंबक असतो आणि खालचा हॉल सेन्सर तो किती खाली आला हे सतत मोजत असतो. त्यामुळे कळ किती खोलीवर नोंदवायची हे 0.1 मिलिमीटरपासून पुढे आपल्याला ठरवता येते. त्याहून उपयोगाची सोय म्हणजे ‘रॅपिड ट्रिगर’: बोट किंचित वर उचलताच कळ सुटल्याची नोंद होते, ठरावीक जागेपर्यंत वर येण्याची वाट पाहावी लागत नाही. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीच्या कीबोर्डमुळे हे तंत्र नावारूपाला आले आणि नंतर इतरांनी ते उचलले. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये थांबल्याशिवाय नेम लागत नाही, म्हणून या खेळांत त्याचा लाभ खरा आहे. जीटीए, क्रिकेट किंवा गोष्ट असलेल्या खेळांत तो जवळपास शून्य आहे. शिवाय अशा कीबोर्डमध्ये दोन विरुद्ध दिशांच्या कळांपैकी शेवटी दाबलेलीच आपोआप मानण्याची सोयही असते. काउंटर-स्ट्राइक 2 बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट 2024 पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर ती वापरण्यास मनाई केली आहे आणि वापरणारा सामन्यातून बाहेर काढला जातो. ही सोय मिळते म्हणून जास्तीचे पैसे मोजण्यात आता अर्थ उरलेला नाही.

या प्रकारच्या दोन अडचणी सांगणे आवश्यक आहे. 0.1 मिलिमीटरवर ठेवलेली कळ नुसते बोट टेकले तरी दाबली जाते, आणि त्याच कीबोर्डवर महाविद्यालयाचा अहवाल टंकायला बसले की प्रत्येक ओळीत चुका होतात. म्हणून खेळासाठी एक आणि लिखाणासाठी एक अशी दोन प्रोफाइल करून ठेवावी लागतात. दुसरे असे की तापमानाचा चुंबकावर आणि सेन्सरवर थोडा परिणाम होतो. जानेवारीतली पहाट आणि चाळीस अंशांच्या पुढची मे महिन्यातली दुपार एकाच खोलीत अनुभवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ऋतू बदलला की सॉफ्टवेअरमधून कॅलिब्रेशन करून घ्यावे.

याच खोक्यांवर 8000 हर्ट्झचा पोलिंग रेटही मिरवलेला असतो. 1000 हर्ट्झचा कीबोर्ड दर 1 मिलिसेकंदाला संगणकाला माहिती देतो आणि 8000 हर्ट्झचा दर 0.125 मिलिसेकंदाला, वाचतो तो एक मिलिसेकंदाहून कमी वेळ. मुंबईच्या सर्व्हरशी पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, 30-40 मिलिसेकंद असताना आणि 60 हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्र यायलाच 16.7 मिलिसेकंद लागत असताना या बचतीला काही मोल नाही. तेच पैसे 144 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी बाजूला टाकावेत.

आकाराचा प्रश्न टेबलाच्या रुंदीवर सोडवावा. 104 कळांचा पूर्ण कीबोर्ड सुमारे 44 सेंटिमीटर, अंकपट्टा नसलेला 87 कळांचा टीकेएल सुमारे 36 आणि 61 कळांचा लहान सुमारे 29 सेंटिमीटर रुंद असतो. वसतिगृहातल्या अरुंद टेबलावर पूर्ण कीबोर्ड ठेवला की माऊस काठावर जातो, आणि कमी सेन्सिटिव्हिटीवर हात लांब फिरवून खेळणाऱ्याचा खोळंबा होतो. मात्र ज्या घरात दिवसा त्याच संगणकावर आडत दुकानाचा टॅलीतला हिशेब चालतो, तिथे अंकपट्टा काढून टाकणे घरच्यांना मानवणार नाही, आणि ते बरोबरही आहे. 61 कळांच्या कीबोर्डवर बाणाच्या आणि एफ ओळीच्या कळा एफएन दाबून वापराव्या लागतात. तो दुसरा कीबोर्ड म्हणूनच घ्यावा.

टंकलेखन परीक्षेची किंवा इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवनागरी अक्षरांचे अपारदर्शक स्टिकर लावले की बॅकलाइट झाकला जातो. पारदर्शक पार्श्वभूमीचे स्टिकर मिळतात, पण त्यांची अक्षरे स्वतः उजळत नाहीत. अभ्यासाची बैठक दिव्याच्या उजेडात आणि खेळ अंधारात, अशी विभागणी शक्य असेल तर स्टिकर न लावता पडद्यावरचा तक्ता पाहून सराव केलेला चांगला. तसाही हात बसला की कळांकडे कोणी पाहत नाही.

दुरुस्तीच्या कसोटीवर निळ्या स्विचचा स्वस्त कीबोर्ड सर्वांत मागे पडतो. धुळीने किंवा झिजेने एखादा स्विच एकदा दाबल्यावर दोनदा नोंद करू लागला, की डाक देऊन पक्का बसवलेला स्विच काढण्यासाठी सोल्डरिंग करणारा शोधावा लागतो, आणि वॉरंटीसाठी कीबोर्ड पुण्या-मुंबईला कुरिअर करून आठवडे वाट पाहावी लागते. हॉट-स्वॅप कीबोर्डमध्ये तोच स्विच चिमट्याने उपसून दोन मिनिटांत नवा बसवता येतो. फक्त आपल्या कीबोर्डचे सॉकेट तीन पायांचे आहेत की पाच पायांचे, आणि काही स्वस्त कीबोर्डप्रमाणे ते केवळ बारीक पायांचे आउटेमू स्विचच घेतात का, हे आधी पाहावे. चुंबकीय स्विचला टेकणारे पत्रे नसल्याने दुहेरी नोंदीचा हा रोग जडत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण सर्व चुंबकीय स्विच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी उंच कडांची चौकट नसलेला, स्विच पट्टीवर उघडे दिसणारा कीबोर्ड घ्यावा, म्हणजे साध्या रंगाच्या ब्रशने साफ होतो.

बिनतारी कीबोर्डचा मोह टाळावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या डोंगलवर खेळायला अडचण येत नाही, ब्लूटूथवर येते. परंतु दिवे लावले की बॅटरी झपाट्याने उतरते, आणि ज्या कारणासाठी बॅकलाइट घेतला तोच बंद ठेवावा लागतो.

या सगळ्याचा विचार करता सामायिक खोलीत खेळणाऱ्या बहुतेकांसाठी लाल स्विचचा, तारेचा, हॉट-स्वॅप टीकेएल आणि डबल-शॉट टोप्यांचा कीबोर्ड ही माझी पहिली पसंती राहील. रोज व्हॅलोरंटचे रँक सामने खेळणारा आणि 144 हर्ट्झचा पडदा आधीच असणारा चुंबकीयकडे गेला तर त्याचे पैसे वाया जाणार नाहीत. निळा स्विच घ्यावा तो स्वतःची खोली असणाऱ्याने, आणि तेही खेळापेक्षा लिखाण जास्त असेल तर.

खरेदी शक्यतो दुकानातून करावी, कारण तिथे तीन गोष्टी हाताने तपासता येतात: स्पेसबारची दोन्ही टोके आळीपाळीने दाबून खुळखुळ ऐकणे, दिवे सर्वांत मंद करून तळहाताच्या सावलीत अक्षरे वाचून पाहणे, आणि डब्ल्यू, ए, शिफ्ट व स्पेस एकदम दाबून आणखी एखादी कळ नोंदली जाते का हे नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये पाहणे. ऑनलाइन मागवल्यास खोके उघडण्यापासून प्रत्येक कळ दाबून दाखवण्यापर्यंत एकसलग व्हिडिओ काढून ठेवावा आणि जीएसटीचे बिल जपून ठेवावे. परत घेण्याची मुदत संपण्याआधी एक पूर्ण रात्र त्यावर खेळून पाहावे.