‘काकू, खोक्यासकट आहे!’

सांगलीच्या शाळेत अकरा वर्षं मी नववी-दहावीला ओहमचा नियम शिकवला. आणि गेल्या मार्चमध्ये एका जुन्या टोस्टर ओव्हनचे २४० डॉलर मोजताना नेमका तोच मला आठवला नाही. व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर घरातच होता. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी.

मला जुने टोस्टर ओव्हन जमवायचा नाद आहे. मांडून ठेवायला नाही, वापरायला. १९९६ साली न्यू जर्सीत आलो तेव्हा भाड्याच्या घरात शेगडी होती इलेक्ट्रिकची. ज्योतच नाही, तर भरताचं वांगं भाजायचं कशावर? पण आधीच्या भाडेकरूने ओट्यावर एक जनरल इलेक्ट्रिकचा टोस्ट-आर-ओव्हन सोडून दिला होता. क्रोमचं चकचकीत अंग, काळी मूठ, काचेचं दार. पाव भाजून झाला की आतली दोन धातूंची पट्टी वाकायची आणि दार आपोआप खट्कन उघडायचं, जाळीही त्याच्याबरोबर बाहेर यायची. दहावीला ‘द्विधातू पट्टी’ शिकवताना मला असं एखादं यंत्र मिळालं असतं तर! त्याच्या वरच्या कॉइलखाली वांगं उलटसुलट करत पहिलं भरीत केलं, आणि तेव्हापासून हा नाद लागला. आज घरात सात आहेत. एकात दाणे भाजते, एकात नरम पडलेली खारी आणि बाकरवडी परत कुरकुरीत करते, दिवाळीत दोघांत मिळून नानकटाई होते. बोहारीण आली असती तर यांवर किती पातेली मिळाली असती, याचा हिशेब नवरा अधूनमधून मांडतो.

या छंदातल्या लोकांना दोन सालं पाठ असतात. १९५६, जनरल इलेक्ट्रिकने टोस्ट-आर-ओव्हन बाजारात आणला ते. आणि १९८४, कंपनीने छोट्या घरगुती उपकरणांचा धंदा ब्लॅक अँड डेकरला विकला ते. माझ्याकडचे सगळे १९७० च्या दशकातले. छप्पन सालचा एकही नव्हता. त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी पुढे पाठवलेली जाहिरात वाचली आणि माझा चहा गार झाला: ‘टोस्ट-आर-ओव्हन, १९५६, पहिल्या वर्षाचा, न वापरलेला, मूळ खोक्यासकट.’

फोन केला. पलीकडून अस्सल मराठी आवाज. पंचविशी-तिशीतला मुलगा असावा. ‘बोला काकू!’ म्हणाला. आम्ही कुठले, हे त्याने आधी विचारलं. सांगली म्हटल्यावर, ‘अरे वा, माझी मावशी मिरजेची!’ पुढची दहा मिनिटं ओव्हनचा विषयच नाही. हरभट रोडवरची भेळ, कृष्णेचा घाट, पुराचं पाणी. मग हळूच, एका अमेरिकन म्हातारीचं घर रिकामं करायचं काम मिळालंय, तिच्या तळघरात हे खोकं तसंच बांधलेलं सापडलं. दुसरं गिऱ्हाईक ३५० द्यायला तयार आहे, ‘पण काकू, तुमच्याकडून जास्त कसे घेऊ? आणि तुम्हाला त्याची किंमत आहे.’

हे शेवटचं वाक्य फार वाईट. माझ्या नादाची किंमत कोणाला तरी कळली याचंच मला इतकं बरं वाटलं, की त्याची परतफेड करायला मी तिथेच तयार झाले.

पैसे कसे द्यायचे? त्याने फोनवरच्या एका पैसे पाठवायच्या ॲपचं नाव सांगितलं आणि म्हणाला, ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, म्हणजे कमिशन कापत नाहीत, उगाच त्यांना कशाला द्यायचं? मराठी माणसाला कमिशन वाचवायला सांगितलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. त्या पर्यायाचा अर्थ, तुम्ही खरेदी करत नसून भाच्याला खाऊला पैसे देताय. मग वस्तू खोटी निघाली तरी ॲपवाल्यांच्या लेखी खरेदी झालेलीच नसते. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला लेखी हरकत घेता आली असती. इथल्या कायद्यातच तशी सोय आहे. ते मला माहीत नव्हतं असं नाही.

खोकं आठ दिवसांनी दारात आलं. वरून खरंच जुनं, पिवळसर, कोपरे झिजलेले. जाहिरातीतल्या फोटोत त्याची डावी बाजू भिंतीकडे होती. ती आता समोर आली, आणि तिच्यावर बारकोड होता.

काळ्या-पांढऱ्या रेघांचा, आपण रोज दुकानात बघतो तोच. बारकोड लावलेली वस्तू दुकानात पहिल्यांदा मोजली गेली १९७४ च्या जूनमध्ये, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, आणि ते होतं च्युइंग गमचं पाकीट. छप्पन सालच्या खोक्यावर त्या रेघा येतील कुठून? आतल्या वॉरंटीच्या कागदावर कंपनीचा पत्ता, ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट, आणि पुढे पाच आकडी झिपकोड. झिपकोड या देशात आले १ जुलै १९६३ ला. दोन पुरावे हातात होते आणि मी मनाशी काय म्हणाले? ‘खोकं नंतरचं असेल, यंत्र तरी जुनं असेल.’

तर यंत्र. अंग चकाकत होतं, पण क्रोमसारखं नाही. क्रोममध्ये आपला चेहरा दिसतो, यात नुसता उजेड दिसत होता. मागच्या कोपऱ्यात नख लावलं तर चंदेरी पापुद्रा निघून आला, पापडाच्या कडेसारखा, खाली गंज. स्प्रे मारलेला होता. वायरही वेगळीच. माझ्या बाकीच्या यंत्रांना जाड, रबरी, उष्णता सोसणारी वायर आहे. याला टेबललॅम्पची चपटी प्लॅस्टिकची. पाटीवर लिहिलंय १५०० वॉट. इथे वीज १२० व्होल्टची, म्हणजे साडेबारा अँपिअर. ती लॅम्पची वायर दहाच्या आसपास दम टाकते. आणि तरीही मी पिन लावली, हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

तीन मिनिटांत रंग जळायचा वास, पाचव्या मिनिटाला धूर, मग धुराचा भोंगा, मग शेजारच्या बाई दारात. तापलेल्या पत्र्याला टेकलेली वायर मऊ पडायला लागली होती. घाईत एक हात सिंकच्या नळावर आणि दुसरा ओव्हनच्या पाठीला लागला, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. दोन पिनांचं यंत्र, अर्थिंग नाहीच. म्हणजे वीज कुठूनतरी पत्र्यात उतरत होती. नळ घट्ट धरलेला असता तर हा मजकूर दुसऱ्या कोणीतरी, वेगळ्या मथळ्याखाली लिहिला असता.

मग कुठे ड्रॉवर उघडला. हे मात्र नीट सांगते, कारण कोणालाही जमण्यासारखं आहे. यंत्राची पिन भिंतीतून काढलेली हवी. बटण चालू करून ठेवायचं, टोस्टवर, आणि मीटर ओहमवर लावून पिनेच्या दोन पात्यांना टेकवायचा. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे ओहम: १२० चा वर्ग भागिले १५००, म्हणजे ९.६. वर-खालच्या दोन्ही कॉइल शाबूत असतील तर साधारण तेवढा आकडा यायला हवा. माझ्यावर आला १९. म्हणजे अर्धीच ताकद. त्यानंतर एक टोक पिनेच्या पात्याला आणि दुसरं पत्र्याच्या अंगाला, रंग नसलेल्या जागी. इथे मीटरने काहीच दाखवायला नको. माझ्यावर आकडा स्थिर दिसत होता, तोही लाखांतला नाही, हजारांतला, म्हणजे वीज पत्र्यात चांगलीच झिरपत होती. ही तपासणी विकणाऱ्याच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत होते. भाजी घेताना दुधी भोपळ्याला नख लावून बघतो, तेवढाच वेळ.

खालचं झाकण उघडलं तर खालच्या कॉइलच्या वायरी कापून काळ्या टेपने गुंडाळलेल्या. पाटीचे रिव्हेट नवे, म्हणजे पाटीसुद्धा दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राची. आत उंदराने घर केल्याच्या खुणा. कडेला करड्या रंगाचं कापसासारखं काहीतरी होतं, तिथे मात्र मी थांबले. जुन्या तापणाऱ्या उपकरणांत उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉस वापरायचे, आणि ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. खरवडू नका, फुंकू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नको. झाकण तसंच लावून जाड पिशवीत बांधलं.

त्याला मेसेज केला, फोटोंसकट. उत्तर आलं, ‘काकू, व्हिंटेज म्हटल्यावर एवढं असणारच ना 🙏’. मी बारकोडबद्दल विचारलं. त्यानंतर माझे मेसेज जाईनासे झाले. ॲपवाल्यांनी अपेक्षेप्रमाणे सांगितलं की ही भेट होती. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली, पोच आली, पैसे आले नाहीत. मंडळात सांगितलं तर आणखी दोघी पुढे आल्या. एकीला त्याने ‘पणजोबांच्या वेळचं’ तांब्याचं घंगाळ विकलं होतं. घासल्यावर ते पितळही निघालं नाही. तिघींनाही तो काकू म्हणाला होता, आणि तिघींच्याही गावी त्याची मावशी होती.

जाहिरात पुढे पाठवणाऱ्या बाईंवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांनाही कोणीतरी पाठवली होती. मी मात्र हे सांगितल्याचा काहींना राग आला. ‘आपल्याच मुलाची बदनामी कशाला?’ म्हणे. परक्याने फसवलं असतं तर याच बायकांनी मला पोलिसांत नेलं असतं.

यंत्राची वायर मी कात्रीने कापली, चुकूनही कोणी लावायला नको म्हणून. दाराची काच तेवढी खरी आणि चांगली होती. ती माझ्या सत्तरीतल्या एका तडकलेल्या ओव्हनला बसली, नुसता एक बिजागरीचा स्क्रू बदलावा लागला. खोकं गॅरेजमध्ये आहे, बारकोड बाहेरच्या बाजूला.

गेल्या आठवड्यात लेकीने एक जाहिरात दाखवली. ‘१९५६, पहिल्या वर्षाचा, मूळ खोक्यासकट.’ फोटो तोच, डावी बाजू भिंतीकडे, वर उजव्या कोपऱ्यावर चहाचा तोच डाग. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन खोकं बघून आलो. आहे जागेवर. मग लेकीच्या फोनवरून विचारलं, खोक्याच्या डाव्या बाजूचा, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून, एक फोटो पाठवाल का?

दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘ताई, आपल्या माणसाला फोटो काय मागायचा! कुठल्या तुम्ही?’