घडीच्या सायकलवर स्कॉटलंडची बेटं: एका हंगामानंतरचा अनुभव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची छोटी बेटं सावकाश, चालत-थांबत बघायची असतील, तर घडीची सायकल घ्याच. मी ग्लासगोत राहते. मार्चअखेर घेतलेली ही सायकल ऑक्टोबरपर्यंत गीया, कॉलन्से, बॅरा-वॉटरसे अशा बेटांवर चालवली. सोळा इंची चाकं, मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्येच तीन गिअर, वजन साधारण 12 किलो.

खरा फायदा सायकलवर बसण्याआधीच सुरू होतो. ग्लासगोहून ओबन बंदराला जाणाऱ्या आगगाडीत साध्या सायकलला आधी जागा राखावी लागते, आणि उन्हाळ्यात ती पटकन भरते. घडी केलेली सायकल मात्र सामानात धरतात, त्यामुळे आदल्या रात्री हवामान बघून बेत ठरवता येतो. या भागात ही फार मोठी सोय आहे. पुढे फेरीबोटीवर तर कुठल्याच सायकलला भाडं पडत नाही.

सायकलचा सगळ्यात चांगला उपयोग मला कॉलन्सेवर झाला. ओबनहून फेरीने अडीच तासांच्या आत स्कॅलसेगच्या धक्क्याला लागायचं. बेट जेमतेम 13 किलोमीटर लांब, वस्ती सव्वाशेच्या आसपास. रस्ता एकेरी, समोरून गाडी आली की थांबायला ठरावीक जागा. गाडीवाला हात वर करतो, आपणही करायचा. उत्तरेला किलोरनची पुळण आहे, तिथे सायकल गवतावर आडवी टाकून मी तास-दीड तास नुसती चालते. या बेटावर मूळच्या काळ्या मधमाशा राखल्या आहेत. 2014 पासून बाहेरची मधमाशी इथे आणायला कायद्याने बंदी आहे. मे महिन्यात पिवळ्या आयरिसच्या दाट पानांतून कॉर्नक्रेक पक्ष्याचा खरखरीत आवाज येतो. पक्षी दिसेलच असं नाही, पण त्या आवाजासाठी थांबावं.

दक्षिणेला रस्ता संपतो तिथे ऑरन्से या शेजारच्या बेटाकडे जाणारी वाळू सुरू होते. ओहोटीला कॉलन्से आणि ऑरन्से जोडली जातात, भरतीला पुन्हा तुटतात. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी चालत गाठला आहे त्यांना हे लगेच कळेल, फक्त इथलं अंतर बरंच जास्त आणि पाणी जूनमध्येही गारठवणारं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, ओहोटी खोल जाते आणि वेळ भरपूर मिळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, वाळूची वाट नीट उघडत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय आणि धक्क्यावर कुणाला तरी विचारल्याशिवाय वाळूवर उतरू नका. एका दिवसात परतायचा हट्टही नको. फेरीची वेळ आणि ओहोटी जुळणारे दिवस मोजकेच असतात. मी मुक्काम करते.

सायकल मी अलीकडच्या काठावरच ठेवते. काही जण वाळूवरून चालवत नेतात, पण खाऱ्या पाण्यात चेन आणि बिजागरी दोन्हींची वाट लागते. शिवाय ही वाट पायीच चालण्यासारखी आहे. पलीकडे चौदाव्या शतकातला ख्रिस्ती मठ पडक्या स्थितीत उभा आहे. शेजारचा दगडी क्रूस सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याचं कोरीवकाम अजून स्वच्छ दिसतं. आत ओळीने मांडलेल्या थडग्यांच्या शिळांवर तलवारी, जहाजं, हरणं कोरलेली आहेत. मला तिथून निघवतच नाही, म्हणून घड्याळाचा गजर लावूनच आत शिरते. ऑरन्सेवरची शेती पक्षिसंरक्षण संस्था सांभाळते. लाल चोचीचे, लाल पायांचे चफ कावळे मठाच्या वर घिरट्या घालताना दिसतात.

आता सायकलच्या उण्या बाजू. समोरून वारा असला की तीन गिअर कमी पडतात. बॅरावर वळसा घालताना पश्चिमेच्या बाजूला वारा नाकावर येतो, तिथे उतरून चालणं मला पटतं. मेंढ्या-गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी दांड्यांच्या जाळ्या असतात. छोटी चाकं त्यावर जोरात आदळतात, तेव्हा सरळ रेषेत, सावकाश जा. पावसात सायकलवरून उतरा. खाऱ्या हवेने घडीच्या पकडीचे स्क्रू दोन महिन्यांत गंजले. एवढ्या किमतीच्या सायकलला कंपनीने स्टेनलेस स्क्रू द्यायला हवे होते, आणि याबद्दल मला खरंच राग आहे. दुकानातून स्टेनलेस आणून बदलले. प्रत्येक बेटावरून आल्यावर गोड्या पाण्याचा ओला फडका फिरवायचा, चेन पुसून तेल द्यायचं, बिजागरीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची. जोराच्या पाण्याने धुऊ नका, हबमध्ये पाणी शिरतं.

सोळा इंची ट्यूब बेटावर मिळेल असं धरून चालू नका, दोन बरोबर ठेवा. हब गिअरचं मागचं चाक काढण्याची घरी सवय करून घ्या. पुढच्या कडीला अडकणारी पिशवी मात्र उत्तम आहे: डबा, रेनकोट, जादा मोजे सगळं मावतं, आणि उतरलं की तीच खांद्याला लावून चालता येतं.

वॉटरसेपासून लुईस बेटाच्या टोकापर्यंतचा 297 किलोमीटरचा हेब्रिडियन वे हा सायकलमार्ग करायचा असेल तर ही सायकल घेऊ नका, भरपूर गिअरची मोठी सायकलच हवी. गीयासारख्या बेटासाठी, जिथे फेरी वीस मिनिटांत पोचवते आणि दिवसभरात अख्खं बेट फिरून होतं, हिच्यापेक्षा सोयीचं मला काही सापडलेलं नाही. टायर अजून चांगले आहेत, ब्रेकचे रबर एकदा बदलले, आणि चेन पुढच्या वसंताआधी बदलणार आहे.