कव्हर तेच, इंजिन दुसरंच : ३,०५,००० चा फटका

नाव लिहीत नाही. आमच्या बंदरावर आधीच पुरेसं हसं झालंय.

अलिबागकडून मालवणला आणायला सोळा फुटी फायबर होडी घेतली. होडी आणि २५ एचपीचं आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावतात ते इंजिन) मिळून २,६०,०००, वर ट्रेलरचे ४५,०००. टोकन २१,००० फोनवरून, उरलेले २,८४,००० आरटीजीएस. ट्रायल मी स्वतः खाडीत घेतली होती, दुसऱ्या दोरीला इंजिन सुरू. न बघता पैसे टाकणाऱ्यांतला मी नव्हे, एवढं आधी नोंदवून घ्या.

आठ दिवसांनी बोलेरो घेऊन गेलो. होडी ट्रेलरवर तयार, इंजिन निळ्या ताडपत्रीत करकचून बांधलेलं. म्हटलं, सोडून दाखवा. "शेठ, बांधायला अर्धा तास गेलाय. कव्हर बघा ना, तुमचंच." ताडपत्रीचा कोपरा उचलला, कव्हरवरचा ओळखीचा आडवा ओरखडा दिसला आणि मी गप्प बसलो. तिथेच मेलो. नंबर कव्हरवर नसतो, इंजिन फळीला आवळतात त्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. सौद्याच्या दिवशी तिचा फोटो काढा, उचलायच्या दिवशी ताडून बघा. कव्हर काय, दोन मिनिटांत बदलतं.

ट्रेलरला नंबर प्लेट नव्हती. म्हणे, "ओढायच्या गाडीला पासिंग लागत नाय." साफ खोटं. कायद्याने ट्रेलर हेही वाहनच, वेगळी नोंदणी लागते.

पोलादपूरच्या अलीकडे जळका वास आला. डावं चाक लटपटत होतं, चाकाच्या मधल्या हबला हात लावला तर चटका. बाहेरून ताजं ग्रीस फासलेलं, आत बेअरिंगचा गंजून भुगा. निघण्याआधी चाक जॅकवर घेऊन हलवायचं, दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून हब चाचपायचा, हे मला गॅरेजवाल्याने सांगितलं. समुद्रात जन्म गेला, होडी रस्त्याने कधी ओढली होती? इंजिनही त्यांनी वर उचलून नुसत्या खिट्टीवर अडकवलेलं. ती खिट्टी उभ्या होडीसाठी. रस्त्यावर खाली लाकडी टेकू हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा दणका मागच्या फळीला. आमच्या फळीला वीतभर तडा. तो बघायला ताडपत्री सोडली, तर ब्रॅकेटवरची पट्टी घासून काढलेली, पंखा दुसराच, दोरी ओढली तर जाम. चाक बिघडलं नसतं तर मालवणपर्यंत पत्ताच लागला नसता. क्रेन आणि बेअरिंगचे ६,८०० वेगळे.

मग पोलीस. तिकडचे म्हणाले, उघडकीला आलं तिथे जा. इथले म्हणाले, सौदा झाला तिथे जा. झीरो एफआयआरचं (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) नाव काढलं तर "कायदा शिकवायला आलात?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला : माल मिळालाय ना, मग हे सायबर नाही. तिसऱ्याने दिवाणी मामला ठरवला. घासलेल्या नंबराचं इंजिन गळ्यात मारणं दिवाणी? आरटीओत ट्रेलरची तक्रार घेऊन गेलो, तर बिननंबरी ट्रेलर रस्त्यावर आणलाच कसा म्हणून मलाच झापलं!

शेवटचे पैसे इंजिन पिंपातल्या पाण्यात चालवून बघितल्याशिवाय सोडू नका. नाळेकडचा, म्हणजे होडीचं पुढचं टोक ओढून धरणारा विंचचा पट्टा एकटा पुरत नाही, मागून दोन्ही बाजूंनी रॅचेट बेल्ट आवळा. ट्रेलर गाडीला जोडतो त्या कपलरखाली साखळ्या फुलीत.

माझी फाइल ठाण्यात आहे. हवालदार "सोमवारी या" म्हणालेत, कुठल्या सोमवारी ते सांगितलेलं नाही.