कंपाउंडातलं घर की गावातलं? किसुमूला सेवेसाठी येणाऱ्या कुटुंबांकरता

केनियात ख्रिस्ती सेवेला जायचं नक्की झालं, तिथल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पत्र आलं, धार्मिक कामासाठीच्या ‘क्लास आय’ परमिटचा अर्ज गेला, की पुढचा प्रश्न घराचा. मिशनच्या कंपाउंडात राहायचं की गावात भाड्यानं? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. आधी कंपाउंड, मग व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरात मिगोसीकडच्या एका एस्टेटमधलं घर. नगर, मिरज, पुण्याकडून निघणारी कुटुंबं फोनवर हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं-घेणं, हे तुम्हाला कोणीही सांगेल, ते सोडून देतो.

कंपाउंड म्हणजे काय हे नगरच्या माणसाला समजावून सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं, तेव्हापासून चर्च, शाळा, दवाखाना, बंगला आणि भोवती आवार ही मांडणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पश्चिम केनियातही तेच झालं. क्वेकर पंथाच्या मिशनऱ्यांनी १९०२ मध्ये कैमोसीला आणि चर्च मिशनरी सोसायटीनं १९०६ मध्ये मासेनोला, विषुववृत्ताला खेटून, बस्तान बसवलं. त्या काळी जवळपास ना दुकान, ना डॉक्टर. सगळं एका आवारात ठेवण्यात शहाणपणच होतं. आम्ही राहिलो ते आवार या दोहोंपैकी नव्हे, पण वळण तेच. उंच झाडं, कापलेली हिरवळ, दोन घरांत ऐसपैस अंतर.

कंपाउंडाच्या बाजूनं आधी बोलतो, कारण सोयी खरोखर चांगल्या आहेत. बोअरचं पाणी, वीज गेली की जनरेटर, नळ गळला की दुरुस्तीला हक्काचा माणूस. परमिटचं नूतनीकरण, मुलांचे कागद, परदेशी ओळखपत्र हे सगळं ऑफिसातली एक बाई बघायची. आम्ही फक्त सह्या करायचो. मुलं दिवसभर मोकळी, सायकली बाहेरच पडलेल्या. माझी बायको मिरजेला नर्सिंग शिकली. इथे तिची रात्रपाळी असायची आणि दवाखाना आवारातच, म्हणजे पहाटे एकटी चालत घरी आली तरी काळजी नाही. तिला विचाराल तर ती आजही कंपाउंडाचं नाव काढते, विशेषतः नळाला पाणी नसलं की.

आणि गावात नळाला पाणी नसतंच असे दिवस येतात. मग वीस लिटरचे पिवळे कॅन हातगाडीवरून विकत घ्यायचे, ते छोट्या मोटरीनं काळ्या टाकीत चढवायचे, आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. प्रीपेड मीटरचं टोकन रात्री संपतं ते वेगळंच. शुक्रवारी रात्री शेजारच्या चर्चची केशा, म्हणजे रात्रभराची प्रार्थना, भोंग्यावर पहाटेपर्यंत चालते. आपणच मिशनरी, तक्रार कोणत्या तोंडानं करणार? दोरीवरचे कपडे एकदा गेले. शर्ट चांगला होता. अंगणापलीकडे ओमेना वाळत घातलेला असतो, व्हिक्टोरिया सरोवरातली बारीक चंदेरी मासळी. पाश्चात्त्य पाहुणे नाकाला रुमाल लावतात. सुकटावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना मात्र भूक लागते.

एवढं वाचून कोणीही कंपाउंडच निवडेल. आम्हीही तिथेच राहिलो असतो, पण नडली ती गेटवरची वही.

केनियात बहुतेक बंद आवारांच्या फाटकावर ही वही असते. जाड पुठ्ठ्याची, पेन दोरीनं बांधलेलं. येणाऱ्यानं नाव लिहायचं, ओळखपत्राचा नंबर, फोन, कोणाकडे जायचं, काम काय, आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ, सही. मग अस्कारी, म्हणजे राखणदार, घरी फोन करून विचारणार की अमुक बाई आली आहे, सोडू का? यात त्याची चूक काहीच नाही. चोऱ्या होतात, त्याला त्याचाच पगार मिळतो, आणि आमचा अस्कारी तर फार सज्जन माणूस होता. पण गाडीतून येणाऱ्याला तो हात वर करून सोडायचा, आणि पायी येणाऱ्याला वही. नियम असा लिहिलेला कुठेच नव्हता. आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे पायी यायचे.

आम्ही जिच्याकडून रोज टोमॅटो घ्यायचो ती बाई, मुलीला ताप आहे हे कळल्यावर, संत्र्यांची पिशवी घेऊन आली. ‘काम’ या रकान्यात काय लिहायचं तिला कळेना, तिनं ‘संत्री’ लिहिलं. त्याच वेळी आम्ही मुलीपाशी होतो, फोन दुसऱ्या खोलीत. कोणी उचलला नाही, म्हणून ती पिशवी चौकीत ठेवून निघून गेली. संध्याकाळी अस्कारीनं संत्री आणून दिली आणि वहीत आमचीही सही घेतली. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, अहो, थांबायचं की. ती हसली आणि म्हणाली, तुमचं घर मोठ्या लोकांचं आहे. दोन खोल्यांचं घर होतं ते. मोठं होतं ते फाटक.

तरुण मुलांचं आणखी अवघड. ‘काम’ या रकान्यात एखाद्या पोरानं काय लिहावं? ‘माझा बाप दारू पितो’? ‘माझा विश्वास उडाला आहे’? बहुतेक जण ‘खाजगी’ लिहायचे, आणि अस्कारी त्यांना आणखी दोन प्रश्न विचारायचा.

शिवाय सहानंतर पाहुणे बंद. विषुववृत्तावर दिवस वर्षभर सारखाच; सूर्य साडेसहा-सातच्या सुमारास मावळतो. बाजारातल्या बाया टोपल्या आवरून घरी येतात, बोडाबोडावाली, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारी, मुलं गाडी लावतात, त्यानंतरच कोणाला बोलायला सवड मिळते, आणि आमचं फाटक तेव्हा बंद झालेलं असायचं. बायबलातला निकदेम येशूकडे रात्रीच आला होता. आमच्याकडे आला असता तर चौकीवरून परत फिरला असता.

मी हे मिशनच्या सभेत मांडलं होतं. वही काढा असं नाही म्हटलं, फक्त पायी येणाऱ्यांसाठी थोडं सैल करा. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, सुरक्षा समितीकडे पाठवलं, आणि ते तिथेच राहिलं. समितीचा मुद्दाही खोटा नव्हता. तरी मला वाटतं, लोकांमध्ये राहायला म्हणून आपण समुद्र ओलांडतो, आणि लोकांनी आपल्यापर्यंत यायला ओळखपत्र दाखवायचं, हे काही जुळत नाही. कोणाला जुळत असेल तर माझी हरकत नाही.

गावातल्या घराला चार बिऱ्हाडांत मिळून एक पत्र्याचं फाटक आहे. लोक दारात येऊन ‘होडी’, म्हणजे स्वाहिलीत ‘आत येऊ का’, अशी हाक देतात आणि आत येतात. काम नसतं. बसतात, चहा घेतात, फोन चार्जिंगला लावतात, आणि उठता उठता दारात एखादं वाक्य बोलून जातात, ज्यासाठी खरं म्हणजे आलेले असतात. माझ्याकडे दुसरं मोजमाप नाही, पण केरिचोच्या चहाचं जे पाकीट कंपाउंडात महिनाभर पुरायचं, ते इथे आठवड्यात संपतं.

उसने पैसे मागणारेही याच दारातून येतात, हे लपवत नाही. जेवायला उशीर होतो, मुलीचा अभ्यास राहतो, बायको दमते. सोमवार आमचा सुट्टीचा, असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. निम्मे जण ऐकतात.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. आमचं घर बदलणं त्यापुढे काहीच नाही. आमचा तर पगारही मंडळीकडूनच येतो. पण आवाराची भिंत आड येते ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाला नवी नाही, एवढ्यापुरता त्यांचा उल्लेख.

आता थोडं आपल्या रंगाबद्दल, कारण पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी लिहिलेल्या सल्ल्यांत हे सापडणार नाही. किसुमूत भारतीय माणूस म्हणजे मुहिंदी, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार. त्याला कारण आहे. मोम्बासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये सरोवरापाशी, म्हणजे आजच्या किसुमूला, पोचली. ती बांधायला भारतातून तीस हजारांवर मजूर आणले होते. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले आणि टिकले. २०१७ मध्ये सरकारनं केनियातल्या आशियाई समाजाला देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा रस्त्यावर पहिला प्रश्न येतो, तुमचं दुकान कुठे? दुकान नाही, मी ख्रिस्ती सेवक आहे म्हटलं की लोक थांबतात आणि नीट बघतात. भारतात ख्रिस्ती असतात? संभाषणाची याहून चांगली सुरुवात मी तरी शोधून काढू शकलो नसतो. कंपाउंडात हा प्रश्नच येत नाही. तिथे आम्ही ‘इंडियन फॅमिली’, आणि प्रत्येक स्नेहभोजनाला करी आमच्याकडे. सुरुवातीला बरं वाटतं. मग एके दिवशी कोणी तरी आपल्यालाही मॅकरोनी करायला सांगावं असं वाटू लागतं.

गुजराती दुकानदारांचंही सांगायला हवं. आधी तेही गोंधळतात, मग ‘पुण्याजवळचे ना?’ म्हणून खालच्या फळीवरून पोह्यांचं पाकीट काढून देतात. बाहेर रस्त्यावर बजाजच्या मोटारसायकली इतक्या, की पहिले काही दिवस चाकणच्या आसपासच आहोत असं वाटतं.

मुलांच्या शाळेबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. एवढंच, की शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीशी मेळ बसत नाही. कंपाउंडातल्या मुलांचं इंग्रजी अमेरिकन होत जातं. गावात आमची मुलगी स्वाहिली आणि थोडं धोलुओ, म्हणजे इथल्या लुओ लोकांची भाषा, बोलायला लागली, आणि घरात मराठीवर परत आली. का ते मला नक्की सांगता येत नाही. कदाचित इंग्रजीचा रेटा कमी झाला म्हणून.

पैशांचा फरक वाटतो तेवढा नाही. कंपाउंडाचं भाडं कमी, पण आवार गावापासून लांब असलं तर माटाटू, म्हणजे भाड्याच्या मिनीबस, आणि टुकटुकमध्ये तेवढेच जातात. गावात अनामत आधी भरावी लागते, तेवढी तयारी ठेवा. एक गोष्ट मात्र आधीच घरच्या चर्चला सांगून ठेवा. नगरहून आमच्याकडे आलेले एक वडीलधारे गृहस्थ घरभर फिरले, चहा घेतला आणि विचारते झाले, ‘बरं, पण मिशन कुठाय?’ देणगीदारांना जाणाऱ्या प्रार्थनापत्रात हिरवळीवरचा फोटो छान दिसतो. पत्र्याच्या फाटकापुढचा फोटो दिसत नाही, आणि देणगीदारांना कधी कधी शंका येते की हे लोक नेमकं करतात काय.

तुमचं मूल तान्हं असेल, दोघांपैकी कोणाची रात्रपाळी असेल किंवा दोघांनाही भाषा नवी असेल, तर पहिले काही महिने कंपाउंडात काढा. त्यात कमीपणा काही नाही. काहींना आयुष्यभर तेच मानवतं आणि त्यांची सेवा आमच्यापेक्षा उजवी असते, हेही पाहिलं आहे. पण काम दवाखान्यातलं किंवा ऑफिसातलं नसेल, माणसांतलं असेल, तर जमेल तितक्या लवकर बाहेर पडा, असं मी आपलं सुचवेन.

घर बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग बघू नका. टाकी किती लिटरची आहे ते विचारा, आधीच्या भाडेकरूनं पाण्याचं बिल थकवलं आहे का ते विचारा, मीटर स्वतंत्र आहे ना याची खात्री करा. खिडक्यांना गज हवेत, दाराला आतून चांगला अडसर हवा. फाटकाची किल्ली प्रत्येक बिऱ्हाडाकडे असावी. आणि घरमालक जर अभिमानानं म्हणाला, की पुढच्या महिन्यापासून आम्ही गेटवर वही ठेवणार आहोत, तर त्याचे आभार मानून पुढचं घर बघा.